मुंगी चावत नाही, सुई टोचते

आमच्या घराण्यात मृत्यूची बातमी सरळ सांगायची पद्धत नाही. माणूस गेलेला असतो आणि फोनवर सांगतात, "सीरियस आहे, जमेल तितक्या लवकर निघा." ऐकणाऱ्यालाही कळलेलं असतं, पण तोही "हो का, कुठल्या हॉस्पिटलात?" असं विचारून वेळ मारून नेतो. दीडेक महिन्यापूर्वी टोकियोहून दादाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसला निघायच्या गडबडीत होतो. दादा म्हणाला, "मंदार, आधी बस. वाईट बातमी आहे. मृणाल गेली, पहाटे. मी आणि सई जवळ होतो." मग म्हणाला, "असंच सांगायचं, असं तिनं बजावून ठेवलं होतं..." मृणाल म्हणजे माझी वहिनी, सई त्यांची मुलगी. आतल्या खोलीत आई रेडिओ ऐकत बसली होती. पंच्याऐंशीच्या घरातली, हृदयाचं दुखणं असलेली आई. सून आजारी आहे एवढं तिला माहीत होतं. बाकी आम्ही सगळे तिला "सुधारतेय" एवढंच सांगत आलो होतो. अर्ध्या तासात आत्याचा आणि मामेभावाचा फोन येऊन गेला. "आईला एवढ्यात सांगू नकोस हं. तब्येत जरा बिघडलीय म्हण, मग बघू." आईला काय आणि कसं सांगायचं हा प्रश्न घेऊन मी ओट्यापाशी उभा राहिलो, आणि मला एकदम टोकियोतला युता आठवला.

युता कोण, हे सांगायचं तर मागे जायला हवं. दोन हजार सालानंतर पुण्याहून टोकियोला प्रोग्रॅमरांची जी रीघ लागली, तिच्यात आधी दादा गेला आणि मागोमाग मी. टोकियोतल्याच निशिकासाई भागात आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती आणि माझं शनिवार-रविवारचं जेवण वहिनीकडे ठरलेलं. वहिनी बी.एस्सी. झालेली, पुण्यात शाळेत शिकवणारी. इथे येऊन ती एकदम 'डिपेंडंट' झाली. व्हिसावरच्या त्या शब्दाचा तिला मनस्वी राग होता. "मी काय गॅस सिलिंडर आहे का, याच्या नावावर मिळालेला?" म्हणायची. सई तीन वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला. सलाईन लावायची वेळ आली तेव्हा तिथली नर्स येऊन चक्क जमिनीवर गुडघे टेकून बसली, सईच्या डोळ्यांना डोळे भिडतील एवढी खाली. आधी तिनं एका अस्वलाच्या हाताला नळी लावून दाखवली आणि म्हणाली, "थोडं दुखेल. रडलीस तरी चालेल. हात मात्र हलवायचा नाही." सई रडली, पण हात हलवला नाही. वहिनी नंतर कितीतरी दिवस तेच बोलत होती. "मी आई असून तिला 'काही नाही करणार गं ते' म्हणून फसवत होते, आणि त्या परक्या बाईनं खरं सांगितलं. पोरीनं तिचं ऐकलं, माझं नाही."

तिथून तिच्या डोक्यात ते शिरलं. दोन वर्षं तिनं जपानी भाषा अक्षरशः घोटली आणि नर्सिंगच्या पदवीला प्रवेश मिळवला. चार वर्षांचा अभ्यासक्रम, मग सरकारी परीक्षा, मग परवाना. आणि तिला जायचं होतं ते लहान मुलांच्याच वॉर्डात. फोनवर हे ऐकून आई भडकली. "इंजिनियरच्या बायकोनं लोकांच्या पोरांची शी-शू काढायची?" वहिनी शांतपणे म्हणाली, "आई, सईची काढतेच की. हात तेच आहेत." त्यानंतर आई बरेच दिवस तिच्याशी फोनवर बोलली नाही. इकडे वर्गात अठरा-अठरा वर्षांच्या मुली, त्यात ही तिशी ओलांडलेली बाई, आणि घरी तिचा कायमचा पेशंट मी. जेवायला गेलो की आधी पलंगावर आडवं व्हायचं. चादर ओली न करता ती माझं डोकं धुवायची, धडधाकट हाताला पट्ट्या बांधायची, आणि प्रत्येक गोष्टीआधी जपानीत सांगायची, "आता मी तुमचा डावा हात उचलते."

"वहिनी, उचल ना पटकन. वरण निवतंय."

"पेशंटनं गप्प पडून राहायचं."

तिसऱ्या वर्षी मुलांच्या वॉर्डातलं प्रात्यक्षिक आलं. यात नापास झालं की वर्ष वाया, आणि दादाच्या कंपनीचा काय भरवसा, पुढच्या वर्षी परत बोलावतीलही. वहिनीकडे सोपवला होता युता. पाचेक वर्षांचा, दीर्घ आजाराचा, बडबड्या मुलगा. त्याची सलाईनची सुई बदलायची होती. टोचणार डॉक्टर, हिनं फक्त हात धरायचा. युतानं हिला विचारलं, "दुखेल का?" आणि इतकी वर्षं घोटलेलं सगळं बाजूला राहून हिच्या तोंडून आपल्याकडची प्रत्येक आई म्हणते तेच आलं, "छे, मुंगी चावल्यासारखं वाटेल फक्त." शीर सापडेना. तीनदा टोचावं लागलं. युता रडला नाही की ओरडला नाही. तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं हिला तापसुद्धा बघू दिला नाही. शिकवणाऱ्या ओगावा-सेन्सेई आवाज न चढवता म्हणाल्या, "दुखलं म्हणून तो रागावलेला नाही. आता त्याला तुमच्याकडे बघावंसं वाटेल, असं काहीतरी तुम्हालाच करावं लागेल. ते झालं नाही तर मी तुम्हाला पास करू शकणार नाही."

त्या संध्याकाळी वहिनी कुकरची शिट्टी झाली तरी हलेना. "सोडते मी हे सगळं," म्हणाली. मी आपलं समजूत घालायला म्हटलं, "अगं, मुंगी तर सगळेच म्हणतात." "तेच तर," ती म्हणाली, "सगळेच म्हणतात..." मग उठली आणि कपाटातून सईचं एक जुनं दुपटं काढलं. सईच्या जन्माच्या वेळी आईनं आपल्या मऊ झालेल्या सुती साड्यांची दुपटी शिवून पाठवली होती, त्यातलं हे जांभळं. त्याची तिनं चिंधीची बाहुली केली, आपल्याकडे करतात तशी, नाक-डोळे दोऱ्यानं काढलेली.

दुसऱ्या दिवशी ती युताच्या पलंगाशी गुडघे टेकून बसली आणि त्याला म्हणाली, "दुखणार हे मला माहीत होतं. मी खोटं बोलले. माफ कर." तो भिंतीकडेच बघत राहिला. बाहुली उशाशी ठेवून ती निघून आली. पुढे रोज जायची, तशीच खाली बसायची, काही न मागता. एक दिवस बघते तर बाहुलीच्या हाताला पट्टी. युतानंच चिकटवली होती. पुन्हा सुई बदलायची वेळ आली तेव्हा तो बाहुलीला म्हणाला, "खूप दुखेल. ही हात धरेल." आणि त्यानं आपला हात हिच्यापुढे केला. हे सांगताना वहिनी हुंदके देत माझ्या ताटात वरण वाढत होती, आणि वरण ताटाबाहेर चाललं होतं. ती पास झाली. घरी जाताना युतानं बाहुली परत दिली, दुसऱ्या कुणाला लागेल म्हणून.

पुढे वहिनी त्याच शहरात मुलांच्या वॉर्डात वर्षानुवर्षं रमली आणि बाहुली तिच्याबरोबर. मी पुण्याला परतलो. आईचा राग केव्हा गेला ते आईलाही सांगता यायचं नाही. आई टोकियोला गेली होती तेव्हा वहिनी तिची साखर तपासायची, आणि बोटाला टोचण्याआधी म्हणायची, "आई, दुखेल हं." आई वैतागायची. "मुद्दाम सांगतेस कशाला? मुंगी चावेल म्हण की!" "मुंगी चावत नाही आई, सुई टोचते." परत आल्यावर आईनं हे अख्ख्या सोसायटीला कौतुकानं सांगितलं.

...तर त्या सकाळी मी आत गेलो. आईच्या खुर्चीपुढे फरशीवर बसलो, तिच्या डोळ्यांत बघता येईल असा. "आई, वाईट बातमी आहे. ऐकून त्रास होईल. मृणालवहिनी आज पहाटे गेली."

आईनं रेडिओ बंद केला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "सांगितलंस बाबा एकदाचं."

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"गेल्या महिन्यात तिनंच फोन केला होता मला. म्हणाली, 'आई, मी आता फार दिवस नाही. तुम्हाला दुखेल, पण दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.' आणि इकडे तुम्ही सगळे येऊन 'सुधारतेय, सुधारतेय' म्हणायचात, मग मीही हो हो म्हणायची. तुमचा जीव कशाला दुखवायचा..." आणि मग ती मोठ्यानं रडली. मीही. आमच्या घरात इतकं मोकळं रडणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दादा आणि सई अस्थी घेऊन आले तेव्हा बाहुलीही घेऊन आले. आता ती आईच्या उशाशी असते, इन्सुलिनच्या डबीशेजारी. जांभळा रंग पार विटलाय, हातावरच्या पट्टीच्या जागी गोंदाचा डाग तेवढा राहिलाय. रोज सकाळी नाश्त्याआधी मी पलंगाशी गुडघे टेकून बसतो आणि म्हणतो, "आई, दुखेल हं." आई बाहुलीचा तो हात मुठीत धरते आणि म्हणते, "माहितीय. टोच."