परातीतलं कासव

माझे सासरे माणसाकडे बघत नसत, त्याची प्रतवारी करत. मला बघायला आले तेव्हा त्यांनी पोह्यांच्या दोन बश्या संपवल्या, मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि उठताना मुलाकडे वळून सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "गोल्टी हे. पण टिकंल." गोल्टी म्हणजे लहान आकाराचा कांदा. माझ्या वडिलांना हा शब्द माहीत नव्हता, ते कौतुक समजून हसले. मला माहीत होता. तरीही मी त्या घरात लग्न करून गेले, याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

अण्णांना जाऊन आता वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असा संकेत आहे. मी प्रयत्न करते, पण फार अपेक्षा ठेवू नका.

त्यांनी सगळी हयात विंचूरच्या बाजारात एका व्यापाऱ्यासाठी कांदा घेण्यात घालवली. ट्रॅक्टरमधल्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळाचा कांदा वर काढायचा, अंगठ्याने दाबायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. "वरचा माल दाखवायला असतो. खरं काय ते तळाला," हे त्यांचं आवडतं वाक्य. पुढे काम सुटलं, नाशकात पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाउसमध्ये ते राहायला आले, पण सवय सुटली नाही. कांद्यांच्या जागी माणसं आली, एवढंच. समोरचे निवृत्त प्राध्यापक म्हणजे जोड कांदा, एकाला दोन तोंडं. त्यांचा स्वतःचा मुलगा, म्हणजे माझा नवरा अविनाश, हा डेंगळा, म्हणजे फुलावर गेलेला कांदा. "फुलोरा मोठा, आत काय नाय." या एका बाबतीत मी अण्णांशी कधी वाद घातला नाही.

एकदा मी मुद्दाम विचारलं, "अण्णा, आणि आई किती नंबरच्या?" आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिथेच भाकरी थापत होत्या. अण्णांनी पेपरातून मानसुद्धा वर केली नाही. "घरी खायला ठेवलेला माल कुणी नंबरात धरतं काय?" म्हणाले. आईंचा हात जरासा थांबला आणि पुन्हा थापायला लागला.

थंडी पडली की आईंचे पाय सुजायचे, घोटे धरायचे. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात पाय बुडवून बसा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई स्वतःच पाणी तापवत, स्वतःच बादली उचलून मागच्या दाराच्या पायरीपर्यंत नेत, वाटेत दोनदा भिंतीला टेकत. त्या वेळी अण्णा चहाची वाट बघत बसलेले असत. अविनाश झोपलेला असे. मी शाळेत जायच्या घाईत असे. मी शिक्षिका आहे, आणि 'वडीलधाऱ्यांची सेवा' या विषयावर मुलांकडून दरवर्षी निबंध लिहून घेते.

अशा आमच्या घरात दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात कासव आलं.

निमित्त अविनाशच्या बढतीचं. ती तीन वर्षं अडली होती. तिच्या अडण्याचं कारण अविनाश आहे हे त्याचं ऑफिस सोडून कुणालाच पटत नव्हतं. मग एक वास्तुतज्ज्ञ आले, गळ्यात दोन माळा आणि हातात दिशा दाखवणारा मोबाइल. त्यांनी घरभर फिरून निदान केलं की उत्तर दिशा मोकळी आहे. तिथे पितळी ताटलीत पाणी घालून त्यात धातूचं कासव ठेवा. त्यांच्या पिशवीत ते होतंच. पण अण्णा कसले ऐकतात! "पितळेचं कासव म्हंजे प्लास्टिकचा कांदा. ठेवायचं तर खरं ठेवू." वास्तुतज्ज्ञ हिरमुसले. आठवड्याभरात कुठल्याशा ओळखीच्या माणसाने कापडी पिशवीतून तळहाताएवढं जिवंत कासव आणून दिलं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. दिसायला देखणं होतं, हे मी नाकारत नाही.

आता त्याला ताटली पुरेना. अण्णांनी माळ्यावरून आईंच्या माहेरची पितळी परात काढली. लग्नात आईंच्या वडिलांनी अण्णांचे पाय याच परातीत धुतले होते. त्यानंतर ती सणावारालाच खाली यायची. आई म्हणाल्या, "अहो, ती नका घेऊ." अण्णांनी घेतली. परात उत्तरेच्या खिडकीखाली ठेवली, काठोकाठ गार पाणी भरलं आणि कासव त्यात सोडलं. पितळेच्या कासवाचा सगळा विधी त्या बिचाऱ्याला लागू झाला. पाठीवर हळदकुंकू, सोमवारी दुधाचा अभिषेक, समोर पोळीचा कुस्करा. कॉलनीतल्या बायका दर्शनाला यायला लागल्या. एकीने त्याच्या पाठीला मुलीची पत्रिका लावली. जोड कांदा प्राध्यापकांनी दहा मिनिटं कूर्मावतार सांगितला आणि त्यांच्याकडून परातीत चहा सांडला.

कासव मान ताणून तोंड पाण्याबाहेर ठेवायची धडपड करत होतं. अण्णा सगळ्यांना सांगायचे, "बघा, नमस्कार करतंय."

चौथ्या दिवशी त्याच्या नाकातून बुडबुडे यायला लागले आणि मान परातीच्या काठावर पडली. ते पहिल्यांदा आईंनी पाहिलं. घरात कुणाचं काही दुखतंय हे त्यांनाच पहिल्यांदा दिसायचं. "अहो, मरंल ते," त्या म्हणाल्या. अण्णा म्हणाले, "झोपलंय." मग त्यांनीच जवळ जाऊन अंगठ्याने त्याचा पाय दाबून पाहिला, आयुष्यभर कांदे दाबले तसा. पाय आत गेला नाही. अण्णांचा चेहरा उतरला.

प्राण्यांची डॉक्टर पंचविशीतली मुलगी होती. तिने आधी कासव तपासलं आणि मग अण्णांना.

"आजोबा, हे जमिनीवरचं कासव आहे. याला पोहता येत नाही. तुम्ही चार दिवस याला गार पाण्यात बुडवून ठेवलंत?"

"उत्तरेला ठेवलं हुतं," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला या थंडीत चार दिवस परातीत बसवलं तर तुम्ही कुठल्या दिशेला तोंड कराल?"

अण्णांशी असं कुणी बोललं नव्हतं. मला तिला कडकडून मिठी मारावीशी वाटली. तिने पुढे सांगितलं की हे कासव घरात पाळायला कायद्याने बंदी आहे. आमच्यासमोरच वनखात्याला फोन लावला. त्यांच्याकडे आजारी कासवाची सोय व्हायला वेळ होता, तोवर तिच्या देखरेखीखाली ते जगवायचं ठरलं. कोरडी माती, ऊन, जास्वंदीची पानं, कोवळं गवत. दूध नाही, पोळी नाही, कुंकू तर नाहीच. इंजेक्शनं ती देणार. आणि रोज सकाळी दहा मिनिटं कोमट पाणी, हनुवटीच्या खाली राहील एवढंच, मग कोरडं पुसून उन्हात. "कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीसारखं. कोपर बुडवून बघायचं."

चार पोरांच्या बापाने बायकोकडे बघितलं. "कसं बघायचं गं?"

मी तिथेच हसले असते, पण आईंनी मला डोळ्यांनी दटावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्वयंपाकघरात खडखडाट झाला. अण्णा गॅस पेटवायला शिकत होते. सत्तरी ओलांडलेला हा माणूस लायटर उलटा धरून उभा होता. आईंनी तो सुलटा करून दिला. पातेलं कोणतं, पाणी किती, हे सगळं दाखवलं. मग पाणी परातीत ओतून आईंनी पदर सावरला आणि कोपर बुडवून दाखवलं. "बोटाला कळत नाय. बोट निबर झालेलं असतं. कोपराला कळतं." अण्णांनी सदऱ्याची बाही वर केली. ढिगात खुपसायचा तोच हात, कोपर बुडवलं, चटका बसला, शिवी हासडली, गार पाणी ओतलं, पुन्हा बुडवलं.

पाच आठवडे हे चाललं, आणि मला ते बघवत नसे. ज्याने स्वतःच्या एकाही पोराचं दुपटं बदललं नाही, तो कासवाला नॅपकिनने टिपत होता. हिवतापाने बायको फणफणली होती तेव्हा जो लिलाव सोडून घरी आला नव्हता, तो दर अर्ध्या तासाला कासवाच्या मातीभरल्या खोक्यात डोकावत होता. दिवसा ते गच्चीवर न्यायचा, ऊन सरकलं की खोकं सरकवायचा. कॉलनीतल्या सगळ्या जास्वंदी त्याने ओरबाडल्या. "खाल्लं गं! अर्धं पान खाल्लं!" असं ओरडत तो एकदा गच्चीवरून खाली आला. मी आईंना म्हटलं, "तुम्हाला राग नाही येत? मला तर ती परात यांच्या डोक्यात घालावीशी वाटते." आई सुजलेले पाय पसरून भाजी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "शिकू दे. आत्ता कुठं शिकतोय." नवऱ्याचा एकेरी उल्लेख त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

कासव जगलं. जानेवारीच्या अखेरीला वनखात्याची दोन माणसं पेटी घेऊन आली. अण्णांनी त्यांना फाटकात उभं करून वीस मिनिटं व्याख्यान दिलं. "पाणी बोटानं नाय बघायचं. बोट निबर असतं. कोपरानं बघा." त्यातला एक म्हणाला, "आजोबा, आम्ही सरकारी माणसं आहोत." "म्हणून तर सांगतो," अण्णा म्हणाले. गाडी गेल्यावर ते बराच वेळ फाटकाची कडी लावत राहिले. मला त्या क्षणी त्यांची दया आली. आली ती आली, लपवत नाही.

त्यानंतरची सकाळ मात्र मी विसरणार नाही. सहाला नेहमीसारखा गॅस पेटला. अण्णांनी पाणी तापवलं, मागच्या पायरीपाशी परातीत ओतलं, कोपर बुडवलं, मान डोलावली आणि मग खोक्याकडे वळले. खोकं रिकामं होतं. ते तसेच उभे राहिले, एक बाही वर, कोपरावरून पाणी ठिबकतंय.

आई आपली बादली भरायला आल्या होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली. पायरीवर बसल्या, लुगडं घोट्यांवर घेतलं आणि दोन्ही पाय परातीत सोडले.

"अगं, ती तुझ्या म्हायेरची परात!" अण्णा दचकून म्हणाले.

"ठाऊक हाय. माझ्या बापानं तुमचे पाय धुतले हिच्यात. मग कासव डुंबलं. आता माझे बुडू द्या." आणि थोडं थांबून, "जरा गरम वाटतंय. बघा बरं."

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी डबा भरत होते, मदतीला जायचा माझा काही विचार नव्हता. मग ते गुडघ्यांवर हात टेकत टेकत खाली बसले, आईंच्या पायांशेजारी कोपर बुडवलं आणि तांब्याभर गार पाणी ओतलं. नंबर-बिंबर काही सांगितला नाही. आईंनी डोळे मिटून घेतले. माझी त्या दिवशी पहिली घंटा चुकली.

पुढे रोज सकाळ-संध्याकाळ ते पाणी देत राहिले. त्याने माणूस सुधारला असं कुणी समजू नये. मी शेवटपर्यंत गोल्टीच होते, आणि बढती झाल्यावरही अविनाश डेंगळाच राहिला. आई भाकरी करत असल्या की हे चहासाठी हाका मारतच. फक्त ती दहा मिनिटं वेगळी असत. मागच्या दिवाळीनंतरच्या थंडीत अण्णा झोपेतच गेले. त्या सकाळी सहाला गॅस पेटला नाही, म्हणून आईंना कळलं.

दहाव्याला भेटायला आलेली सगळी माणसं एकच वाक्य पाठ करून आली होती. देवमाणूस होते. प्राध्यापकांनी तर ते दोन्ही तोंडांनी सांगितलं. आई ऐकत होत्या. सगळे गेल्यावर त्या मागच्या पायरीवर येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "देवमाणूस कसला! दोन नंबरचा माल. तळाला पडून ऱ्हायला, म्हणून शेवटाला हाती लागला." मी म्हटलं, "मी तीन दिला असता." त्या हसल्या आणि मग खूप वेळ रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले, कारण दुसरं काय करायचं ते मला कधी शिकवलेलं नव्हतं.

मग मी पाणी तापवून आणलं. परात पुढे ओढली, ओतलं, आणि घाईघाईने बोटाने बघून म्हटलं, "ठीक आहे, सोडा पाय."

आईंनी पाय वरच धरून ठेवले. माझ्या हाताकडे बघत म्हणाल्या, "कोपर बुडव आधी. तेवढं त्यालासुद्धा आलं होतं."