तीन नंबरची काडतुसं

बाईंना नावानं हाक मारायची गोळीबाराच्या रेंजवर कुणाची छाती नव्हती. तोंडावर ‘बाई’, पाठीमागे ‘तोफ’. हे तोफ प्रकरण त्यांना पुरतं ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. पण कुणी बोलताना सापडला की त्याची खैर नसे.

सव्वीस वर्षांपूर्वी त्या इथे काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या झाडायला लागल्या होत्या. एका दुपारी पहारेकऱ्यांनी थट्टेनं त्यांच्या हातात पिस्तूल दिलं, म्हणाले, “मारा बघू बाई!” बाईंनी मारलं. पाचही गोळ्या चहाच्या कपाच्या तोंडात मावतील अशा. थट्टा करणाऱ्यांचे चेहरे पडले आणि महिन्याभरात बाईंच्या हातातला झाडू सुटला.

तेव्हापासून काम एकच. पहारेकऱ्यांसाठी नवी काडतुसं घ्यायची झाली की चार-पाच कारखान्यांचे नमुने येतात. पाकिटावर कारखान्याचं नाव नाही, नुसता नंबर. पिस्तूल तेच, हाताखाली वाळूची पिशवी तीच, अंतर पंचवीस मीटर. एका कागदावर एकाच नंबरच्या पाच गोळ्या. भोकं जितकी जवळजवळ, तितकं काडतूस चांगलं. पिस्तूल घट्ट धरून ठेवणारा एक शिकंजाही होता पूर्वी, पण तो मोडला आणि नव्याचा अर्ज तीन वर्षं फायलीत झोपा काढतोय.

म्हणून बाईंची एक शिस्त होती. गोळी सुटली की कुणी दुर्बिणीला डोळा लावायच्या आत त्या मोठ्यानं सांगत, कुठे लागली असणार ते. “मधे.” “जराशी डावी.” चाप ओढताना आपला हात कुठे होता हे मारणाऱ्याला कळतं, निदान खऱ्या मारणाऱ्याला. बाई ‘मधे’ म्हणाल्या आणि भोक भलतीकडेच पडलं, तर दोष काडतुसाचा. मोजणीवाला ते कच्च्या वहीत टिपून घेई.

बुधवारी निकाल फळ्यावर लागला आणि बाईंचं टाळकंच सटकलं. पहिलं कोण? तीन नंबर!

“अरे, दर कागदावर ज्याची एक गोळी वीतभर खाली घसरत होती, ते तीन नंबर?” त्यांनी मोजणीवाल्याच्या टेबलावर हात आपटला. “भांग पिऊन मोजलंस का?”

मोजणीवाला बिचारा आधीच अर्धा. “मी काय करू बाई? ती लांबची भोकं साहेबांनी हातचूक म्हणून वगळायला लावली. उरली चार. ती चार तर अगदी चिकटून आहेत. म्हणून तेच पहिलं आलं.”

“आणि मी दर वेळी ‘मधे’ म्हणाले होते, त्याचं काय?”

“फॉर्मवर त्याला रकाना नाही.”

“रकाना नाही! उद्या कुणाचा जीव गेला, तर त्याला आहे का रकाना?”

हे बाई उगाच बोलल्या नव्हत्या. त्यांची सख्खी भाची पहाऱ्यावर होती आणि हीच काडतुसं पुढच्या महिन्यात तिच्या कमरेला लागणार होती. वेळ आली तर पोरीनं नेम धरायचा नीट आणि गोळीनं जायचं भलतीकडे. मग हातचूक कुणाची? पोरीचीच! काडतुसाला कोण विचारतो?

बाई तशाच साहेबांच्या खोलीत घुसल्या. साहेब चहा ढवळत होते. या गृहस्थानं इतक्या वर्षांत पिस्तूल हातात धरलं ते फोटोपुरतं. म्हणतात कसे, “बाई, वय होतं माणसाचं. हात हलतो. त्यात लाजायचं काय?”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. दार उघडं होतं, बाहेर सगळे कान टवकारून उभे होते, ते बरंच झालं.

“हात हलतो? मग उद्या सगळ्यांसमोर बघा की! खरेदीच्या मोठ्या अधिकारी मॅडम सही करायला येणारच आहेत. एक नंबर आणि तीन नंबर, दोनच घ्या. पाच-पाच गोळ्यांची चार मॅगझिन मोजणीवाल्यानं भरायची, माझ्याकडे पाठ करून. कुठलं कुठे ते मला सांगायचं नाही. मी बोलेन, दुर्बिणीतून तुम्ही स्वतः बघा. माझा शब्द चुकला, तर मी पुन्हा झाडू हातात घेते.”

एवढ्या लोकांदेखत नाही म्हणायची साहेबांची टाप नव्हती.

बाईंचे यजमान शिंपी. नजर मंदावल्यापासून त्यांच्या दिवसभराच्या सुया बाईच सकाळी ओवून ठेवत. त्या सकाळी पहिल्याच सुईत दोरा तिसऱ्या खेपेला शिरला.

“मेले सुया करणारे! भोकं धड पाडायला नकोत,” बाई फणफणल्या. यजमान कापडावर खडूच्या रेघा मारत राहिले.

रेंजवर पाय ठेवायला जागा नव्हती. बाईंनी पहिलं मॅगझिन मारलं. पाच वेळा “मधे”, पाचही भोकं मधे. दुसऱ्यात चौथी गोळी सुटली. “मधे,” बाई म्हणाल्या.

साहेब दुर्बिणीतून उसळलेच. “वीतभर खाली! बघा, मी म्हणत नव्हतो?”

मोठ्या अधिकाऱ्यांनी मोजणीवाल्याकडे पाहिलं. “हे कुठलं?”

“तीन नंबर,” तो पुटपुटला.

तिसरं मॅगझिन. दुसऱ्या गोळीला पुन्हा “मधे”, पुन्हा वीतभर खाली, पुन्हा तीन नंबर. आता साहेब दुर्बिणीची काच पुसायला लागले. बाईंच्या मनात आलं, बस म्हणावं, जिंकलो. पण बोलल्या होत्या चार मॅगझिन, तर चार.

चौथ्यात तिसरी गोळी सुटली आणि बाई गप्प. इतक्या गप्प, की मागच्यांना वाटलं पिस्तूल अडकलं. गप्प राहणं सोपं होतं. ‘मधे’ म्हटलं असतं तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं, पाप काडतुसाच्या माथी गेलं असतं.

“ही माझी,” बाई म्हणाल्या. “उजवीकडे, खाली. चार बोटं.”

साहेबांनी पाहिलं. उजवीकडे, खाली, चार बोटं. हे एक नंबर होतं.

मोठ्या अधिकाऱ्यांनी कच्ची वही मागवली, पानं उलटली, मागचे कागद शेजारी ठेवून बघितले आणि म्हणाल्या, “तीन नंबर रद्द.” लोक टाळ्या पिटणार, तेवढ्यात साहेबांनी संधी साधलीच. “पण मॅडम, हात हलतो हे बाईंनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. नियमाप्रमाणे त्यांना आता मारता येणार नाही.”

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, “नियम आहे खरा.”

“केलंय कबूल!” बाई कडाडल्या. “रकाना नव्हता, तरी केलंय! तुम्ही कधी केलंत का, सांगा!” पिस्तूल रिकामं करून त्यांनी टेबलावर ठेवलं, कानावरची टोपणं काढली आणि मोजणीवाल्याच्या अंगावर भिरकावली. त्यानं ती खाली पडू दिली नाहीत, एवढं मात्र मान्य करायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सुया घेऊन बसल्या. गोळ्या मारणं बंद, आजपासून पाकिटांवर नंबर चिकटवायचं काम, या विचारानंच डोकं भणभणत होतं. दोरा चुकला. पुन्हा चुकला. सुईवाल्याला शिवी देण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “सुई बरी आहे. हात माझा.”

यजमानांनी मान वर केली नाही. “ठाऊक आहे. सहा महिने झाले, मी मोठ्या भोकाच्या सुया आणतोय.”

“आणि मला बोलला नाहीत?”

“तोफेच्या तोंडी कोण जाणार?”

बाईंनी कापडाचा गोळा त्यांना फेकून मारला. तो बरोबर कपाळाला लागला. मग त्यांनी दोरा ओला केला आणि पुढची सुई उचलली.