जिथं शहराचा नळ संपतो

बोटं मुडपून मावशी पाण्याच्या टाकीवर ठकठक करायच्या, खालून वर वर. आवाज पोकळ आला की थांबायच्या, तिथं तळहात टेकवायच्या आणि म्हणायच्या, "इथवर आहे बेटा. पुढच्या शनिवारपर्यंत खेचते मी." त्यांचा अंदाज चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

मी टँकर चालवतो. संगमनेरहून आलो होतो बिझनेस डिप्लोमा करायला. डिप्लोमा भिंतीवर लागला आणि मी स्टिअरिंगवर बसलो. मनुरेवा हे टोकाचं उपनगर मागे पडलं की एका राउंडअबाउटपाशी शहराचा नळ संपतो आणि गटारही संपतं. त्यापुढच्या घरांची सगळी भिस्त पावसाच्या टाकीवर, आणि सांडपाणी अंगणातल्या सेप्टिक टँकमध्ये. उन्हाळा लांबला की लोक मला फोन करतात. मावशींचं घर अशाच एका रस्त्याच्या अगदी टोकाला होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी इथल्या रीतीनं "किया ओरा" म्हणून नमस्कार केला. त्यांनी माझ्या शर्टावरचं नाव वाचलं. "मराठी? जय भीम. चहा घेशील ना?"

त्या नागपूरच्या. इथल्या हॉस्पिटलात मिडवाइफ म्हणून नोकरी केली, रिटायर झाल्या, नवरा गेला. मुलगी ख्राइस्टचर्चला इंजिनियर. मावशी बोलताना 'जाईल'चं 'जाईन' करायच्या आणि त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. नवा फ्रिज घेतला म्हणावं, तर, "जुना जाईन कुठं?" टँकरची नळी धुतली, तर, "ते पाणी जाईन कुठं?" तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण टाकून मोकळे होतो आणि ती त्या टाकलेल्याच्या मागे मागे जातात. मी हसायचो.

मग कंपनी आली. रस्त्यालगतची कुरणं औद्योगिक करून घ्यायची, तिथं गोदामं बांधायची, ट्रक धुवायची जागा करायची, असा तिचा कौन्सिलकडे अर्ज होता. नळ नाही, गटार नाही. पाणी बोअरचं घेणार आणि सांडपाणी तिथंच शुद्ध करून जमिनीत सोडणार. उतार सगळा मावशींच्या घराकडे, आणि त्याखाली ओढा.

मावशींनी रस्त्यावरच्या सगळ्यांना चहाला बोलावलं. समोरचं म्हातारं गोरं जोडपं, शेजारचं सामोअन कुटुंब, आणखी दोन-तीन घरं. सगळ्यांनी मिळून विरोध नोंदवला. हिअरिंगला मी सुट्टी घेऊन मावशींना गाडीतून नेलं. कंपनीच्या माणसानं पडद्यावर रंगीत नकाशे दाखवले. मावशींची पाळी आली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि इंग्रजीत तोच प्रश्न विचारला, हे सगळं जाणार कुठे?

"जमीन शोषून घेईल," तो म्हणाला.

"जुलैमध्ये माझी जमीन पाऊसही शोषून घेत नाही. गमबूट घालून या. दाखवते."

आणि निर्णय देणारी मंडळी खरंच आली. मावशी पुढे, ती सगळी मागे. कुरणाच्या मधोमध एका बाईंचा बूट चिखलात रुतला. मोज्यावर उभ्या राहून त्या हसायला लागल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी वाकून दोन्ही हातांनी बूट उपसून काढला. राहिलेल्या खड्ड्यात बघता बघता पाणी भरलं. सगळे त्या खड्ड्याकडे बघत उभे राहिले.

अर्ज फेटाळला गेला. शहराचा नळ आणि गटार येईपर्यंत जमीन शेतीचीच राहणार होती. मी पेढे घेऊन गेलो, तर मावशी पायरीवर बसून समोरच्या घराकडे बघत होत्या.

"जिंकलो ना बेटा," त्या म्हणाल्या. "आता सांगू कोणाले?"

वाद बरेच हिवाळे चालला होता, आणि तेवढ्या काळात कंपनी एकेक घर विकत घेत गेली होती. कुणी थकलं होतं, कुणाला मुलांजवळ जायचं होतं. मावशींनी कुणालाच बोल लावला नाही. अर्ज फेटाळल्यावर कंपनीनं ती घरं विकली नाहीत की भाड्यानं दिली नाहीत. कुलपं लावली आणि नळाची वाट बघत बसली.

त्या उन्हाळ्यात त्या रस्त्यावर माझं गिऱ्हाईक एकच उरलं. एका सकाळी गेलो तर सगळ्या बंद घरांसमोर कचऱ्याचे डबे उभे. मावशी शेवटचा डबा ओढत आणत होत्या. मी झाकण उघडून पाहिलं. आत काही नव्हतं.

"मावशी, रिकामे डबे कशाला बाहेर काढता?"

"गाडी इथं वळायचं विसरून जाईन ना."

गाडी आली. तिच्या लोखंडी हातानं एकेक रिकामा डबा उचलला, उलटा केला, झटकला, खाली ठेवला. मावशी प्रत्येक फाटकापाशी उभं राहून बघत होत्या.

त्यानंतर त्यांना मोटरी ऐकू यायला लागल्या. या भागात घरातला नळ उघडला की टाकीजवळची मोटर घरघरते. शेजारी उठले, हे त्यावरूनच कळतं. चहा ओतता ओतता त्या थबकायच्या. "समोरची सुरू झाली. म्हातारी आंघोळीला गेली."

"मावशी, त्यांची लाईट कधीच तोडलीय."

"माहीत आहे मले. मी काही येडी नाही झाली. ऐकू येते, तर येते."

मी कप खाली ठेवून कान दिला. काही नव्हतं. पण निघताना टँकर सुरू करायला हात धजेना. वाटलं, आपल्या इंजिनाच्या आवाजात ते बुडून जाईल.

जूनमध्ये इथली थंडी सुरू झाली तशी मुलगी त्यांना ख्राइस्टचर्चला घेऊन गेली. "ऑक्टोबरात येते, टाकी भरून ठेव," असं मला सांगून गेल्या. ऑक्टोबरच्या आधीच मुलीचा फोन आला.

"दादा, वॉटर नका भरू. आई गेली. झोपेतच, पीसफुली." मग म्हणाली, "शेवटी सारखं विचारत होती, समोरच्यांची मोटर बंद झाली का. कोण समोरचे, मला कळलंच नाही."

मी तिला सगळं सांगितलं.

आता त्या रस्त्याकडेला लांबलचक निळे पाइप येऊन पडलेत. शहर सरकत आलं. मावशींनी अडवलं नसतं. नळ आला तर माझं काही म्हणणं नाही, असं त्याच सांगायच्या.

परवा सवयीनं भरलेला टँकर तिकडे वळवला गेला. खोदकामापाशी गाड्या थांबवणाऱ्या बाईनं काच खाली करायला लावली. "कुणाला पाणी? पुढे तर कुणीच राहत नाही."

"वळवून घेतो फक्त," मी म्हटलं. एवढं धूड वळवायला जागा एकच, मावशींचं अंगण. टँकर मागे घेताना त्या नेहमी मागे उभ्या राहायच्या, दोन्ही हात हलवत, "येऊ दे, येऊ दे, बस." मी आरशात बघत बघत मागे घेतला. आरशात गुडघाभर गवत होतं. कुणी 'बस' म्हणालं नाही. मी मागे जात राहिलो, कुंपणाची फळी मोडल्याचा आवाज येईपर्यंत.