बॉडीची वायर

सत्तरच्या दशकात जवळा बाजारला माझं रेडिओ दुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं. माझ्या हातून रेडिओ कधी बरे होत, कधी कायमचे गप्प होत. तेवढ्या विद्येवर मी साखऱ्याच्या एका काकूंच्या मोटारीतलं सॉकेट बदलायचं काम घेतलं. डॅशबोर्डवर सिगारेट पेटवायचा लायटर बसतो, ते सॉकेट. असा लायटर मी त्याआधी पाहिलेलाही नव्हता, पण तसं कबूल करायची मला सवय नव्हती.

काका चार महिन्यांपूर्वी गेले होते. तेव्हापासून काकू रोज दुपारी पत्र्याच्या शेडात, त्या उभ्या मोटारीत जाऊन बसत. मुलाला ते बघवेना. त्यानं गिऱ्हाईक ठरवलं. संध्याकाळी गाडी जाणार होती. जळालेलं सॉकेट तेवढं बदलायचं राहिलं होतं. काकूंना कुणी विचारलंच नव्हतं.

टळटळीत दुपार. मी काम सुरू केलं तरी काकू मागच्या सीटवरून हलल्या नाहीत. मी शहाणपणा पाजळला, "सोपं हाय काकू. एक वायर करंटची, दुसरी बॉडीला लावली की झालं."

त्या दचकल्या. "कोन्या बॉडीला?"

मला गाडीचा पत्रा म्हणायचा होता. पण गावात बॉडी म्हणजे दवाखान्यातून पांढऱ्या कापडात येते ती. आणि काकांची ह्याच मागच्या सीटवरून आली होती. सारवासारव करायला गेलो आणि वर बोलून बसलो, की बॉडीशिवाय करंट चालतच नाही. काकू उठून घरात गेल्या.

मग मी एकटाच. सॉकेट बसवलं, वायरी जोडल्या, लायटर त्याच्या तोंडाशी नुसता अडकवला आणि टेप गुंडाळायला डॅशबोर्डखाली डोकं घातलं. शेडाचा तापलेला पत्रा इतका वेळ कडकडत होता, तोही थांबला. सिगारेटचा वास आला. ताजा. मग कानाशी 'टक्'. वर पाहिलं तर लायटर बाहेर सरकलेला, आत तांबडालाल. "झालंच मालक, एक मिनिट," असं मी रिकाम्या सीटला म्हणालो आणि पकड तिथंच टाकून अंगणात पळालो.

तिथं मुलगा गिऱ्हाइकाला घेऊन उभा होता. मी दोघांसमोर सगळं ओकून टाकलं. गिऱ्हाईक गाडीला हात न लावता निघून गेलं. पुढं कुणी ती मागायला आलं नाही. काकू दारातून सगळं ऐकत होत्या.

काही दिवसांनी कनेरगाव नाक्यावर एका मेकॅनिकनं हसून हसून सांगितलं, की लायटर दाबला की तापतो आणि तापला की आपोआप बाहेर येतो. शरमेनं मी साखऱ्याला गेलो. काकू मोटारीतच होत्या. खरं काय ते सांगितलं, मुलालाही सांगतो म्हणालो.

"मला ठाऊक हाय, बाबा. इतकी वर्सं मीच दाबून देत व्हते त्याईला. पोराला काहून सांगतो?"

मी हायसं वाटून निघालो, तर मागून शांतपणे विचारणा झाली.

"बाहेर त्यो आपसूक येतो. आत कोनं दाबला व्हता?"

मी तर नुसता अडकवला होता. त्या दिवशी तेवढं एकच काम मी बराबर केलं होतं.