शिट्टीमामा आणि खिडकीची झडप

पोहण्याच्या तलावावर सगळे त्यांना शिट्टीमामा म्हणायचे. बावीस वर्षं उंच लोखंडी खुर्चीत बसून त्यांनी पोहणाऱ्यांवर नजर ठेवली. माणूस महातिरसट. काठावरून कोणी धावताना दिसला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पण रोज सकाळी देशभराचा दोन दिवसांचा हवामान अंदाज ते स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहायचे. आणि गडगडाट कानावर आला की तलाव रिकामा करायचा, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

गोम होती ती कानातच. पाण्याने त्यांचे दोन्ही कान अधू केले होते. जवळचं बोलणं ओठांवरून कळायचं, लांबचा गडगडाट नाही. हे फक्त मला माहीत होतं. मी तिकीट खिडकीत बसते. आमचं ठरलेलं होतं: गडगडाट ऐकला की मी खिडकीची झडप पाडायची, ती बघून मामांनी शिट्टी फुंकायची. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

त्या दिवशी फळ्यावर होतं, ‘बहुतांश भागांत तापमान सरासरीपेक्षा सहा अंशांनी जास्त. दुपारनंतर एक-दोन ठिकाणी विजांचा कडकडाट.’ ऐन थंडीत अंगाची लाही लाही होत होती. तलावात मुंगीला शिरायला जागा नव्हती.

“एक-दोन ठिकाणी म्हणजे आपल्याकडे नाही,” एक ढेरपोटे गृहस्थ पाण्यात उतरता उतरता म्हणाले.

“त्या एक-दोन ठिकाणचे लोकही हेच म्हणत असतील,” मामा म्हणाले.

तीनच्या सुमारास मला इमारतीमागून गडगडाट ऐकू आला. झडप पाडली, शिट्टी वाजली. लोक कुरकुरत बाहेर आले, कारण डोक्यावरचं आभाळ निळंशार होतं. तेवढ्यात आमचा व्यवस्थापक तणतणत आला.

“कुठे आहे गडगडाट?”

तो खुर्चीच्या मागे गेला आणि साध्या आवाजात म्हणाला, “मामा, चहा घेणार?” मामा समोर बघत राहिले. त्याने पुन्हा विचारलं. लोक खो खो हसले. त्या हसण्याने अजूनही माझं डोकं फिरतं.

“बघा तुमचा रक्षक! ठार बहिरा!” मग तो माझ्याकडे वळला. “तू ऐकलास का?”

त्याच आठवड्यात माझी नेमणूक त्याच्या सहीने कायम व्हायची होती.

“नाही साहेब,” मी म्हणाले. “झडप सटकली.”

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते खाली उतरले, गळ्यातली शिट्टी काढून खुर्चीला अडकवली.

“खुर्चीत माणूस नाही तर पाण्यात माणूस नाही. भिंतीवर लिहिलंय. वाचता येतं ना?”

ते अनवाणीच निघून गेले. नियमापुढे व्यवस्थापकाचं काही चालेना. पंधरा मिनिटांत वादळ आलं, काठावरच्या खुर्च्या पाण्यात जाऊन पडल्या. वीज मात्र तलावावर पडली नाही. आणि पडली नाही म्हणून मामा चुकले! संध्याकाळी त्यांना काढून टाकलं. बहिऱ्या माणसाला त्या खुर्चीत ठेवता येत नाही, हे खरं आहे. त्याचाच मला जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत नवा माणूस आला. कान एकदम तल्लख, म्हणे. दोन्ही कानांत इयरफोन घालून मान डोलवत बसला होता.

दुपारी झडप पाडून मी तडक मामांच्या घरी गेले. ते जमिनीवर बसून चपलेचा पट्टा शिवत होते. मान खाली, त्यामुळे ओठ वाचायची सोय नव्हती. मला शेजारीपाजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने ओरडावं लागलं.

“मामा, मी खोटं बोलले! मी ऐकला होता! शिव्या घाला मला!”

त्यांनी दातांनी दोरा तोडला आणि मान वर करून माझ्या ओठांकडे बघितलं.

“आजचा अंदाज काय आहे?”

“कालचाच.”

मामा ताडकन उठले. “मग इथे काय करतेस, मूर्ख पोरी? खिडकीत कोण आहे?”