याला आणलंय

माझा धाकटा शालक आयुष्यात कधी दारू प्यायला नाही. हे एवढं वाक्य लिहायला मला म्हातारपण यावं लागलं.

पीत होतो मी. नव्वदीच्या सुरुवातीला जळगावात मास्तर होतो. एके सकाळी मुख्याध्यापकांनी मला वर्गातून बाहेर बोलावलं आणि पुन्हा असे आलात तर नोकरी जाईल, असं हळू आवाजात सांगून घरी पाठवलं. त्याच आठवड्यात बायको मुलांना घेऊन माहेरी पहूरला गेली. तिथून निरोप आला: दारू सोडणाऱ्यांच्या सभेला जा, मगच येईन. निरोप घेऊन हा शालकच आला होता. गाड्या दुरुस्त करणारा, विशीतला, अबोल पोरगा. माझ्यावर लक्ष ठेवायला त्याला धाडलं होतं, पण तसं तो म्हणाला नाही. जावयाला कसं म्हणणार?

सभा जळगावातही भरायची. पण तिथे माझ्या विद्यार्थ्यांचे बाप भेटले असते. म्हणून डॉक्टरांकडून मी धुळ्याची सभा विचारून घेतली. रविवारी संध्याकाळी, एका शाळेच्या मागच्या खोलीत.

धुळ्याला एसटीतून उतरलो तेव्हा हात कापत होते. सकाळपासून घेतली नव्हती. शाळेचं नाव ठाऊक होतं, पत्ता विचारायची हिंमत नव्हती. शालक पानवाल्याला विचारायला थांबला, तर मी पुढे निघून गेलो, जणू तो माझा कोणीच नाही. एक रिक्षावाला म्हणाला, शाळा आज बंद असते, फक्त बेवड्यांची मीटिंग असते तिथे. आम्ही त्याच्या रिक्षात बसलो नाही. चालत गेलो. वाटेत देशी दारूची दुकानं लागत होती आणि प्रत्येक वेळी शालक गुपचूप माझ्या आणि दुकानाच्या मध्ये येत होता.

खोलीच्या दारात एक वयस्कर गृहस्थ किटली घेऊन उभे होते. त्यांनी दोघांकडे पाहिलं. म्हणाले, "आजची सभा फक्त पिणाऱ्यांची. सोबतच्यांनी बाहेर बाकावर बसायचं. दोघांपैकी कोण?"

आतली माणसं वळून बघत होती. मी शालकाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "याला आणलंय."

आमच्याकडे जावयाला चारचौघांत खोटं पाडत नाहीत. जावई आंबट आंब्याला गोड म्हणाला, तर सगळं सासर मान हलवतं. शालकाने माझ्याकडे एकदा पाहिलं, चपला काढल्या आणि आत गेला.

मी बाकावर बसलो. आतून एकेकाचा आवाज येत होता. कोणी बायकोचं मंगळसूत्र विकल्याचं सांगत होता, कोणी आईच्या अंत्ययात्रेत पिऊन पडल्याचं. प्रत्येक गोष्ट माझ्याच घरातून उचलल्यासारखी वाटत होती. शालकाची पाळी आली तेव्हा मी बाकावरून उठून दाराशी गेलो. हा आता सांगणार. तो म्हणाला, "मला आज काही बोलायचं नाही." लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

परतताना तो तिकिटं काढायला गेला आणि स्टँडवर पारोळ्याचे एक आबा भेटले. त्यांच्या पुतणीशी शालकाची सोयरीक जुळत आली होती, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. त्यांनी आम्हाला त्या गल्लीतून येताना पाहिलं होतं.

"काय मास्तर, त्या शाळेत तर बेवडे जमतात. तुम्ही कुठी गेल्ते?" ते हसत होते.

मी कापणारे हात खिशात घातले. म्हणालो, "काय करणार आबा, बायकोचा भाऊ पडला, आणावं लागलं त्याला. कोणाला सांगू नका."

बसने पारोळा मागे टाकला. मग शालकाने विचारलं, "दाजी, पुढच्या रविवारी पण मीच बसू का आत?" टोमणा नव्हता. तो खरंच तयार होता.

पुढच्या रविवारी मी एकटा गेलो. किटलीवाल्यांनी विचारलं, तो पोरगा कुठे आहे? मी खरं सांगितलं: पिणारा तो नाही, मी. खोलीत हशा पिकला. कोणी म्हणालं, तरीच बिचारा नुसता चहावर चहा पीत होता. हसणं थांबल्यावर ते गृहस्थ मला म्हणाले, "इथलं झालं. बाहेर कोणाला काय सांगितलं असेल, ते तुम्हालाच निस्तरावं लागेल."

त्या खोलीत माझी दारू सुटली, बायको-मुलं परत आली. पारोळ्याला मात्र मी गेलो नाही. आधी जीव धजला नाही, आणि तोवर सोयरीक मोडली. मुलीकडच्यांनी कारण सांगितलं नाही. बायकोला वाटलं, माहेरच्या शेजारणीनेच कान भरले. पुढे शालकाचं लग्न दुसरीकडे, उशिरा झालं. मग मी स्वतःला म्हणू लागलो, आता सांगून काय उपयोग?

गेल्या महिन्यात पहूरला त्याच्या मुलाची हळद होती. पंगतीत एक म्हातारे मोठ्याने म्हणाले, मास्तरांनी याला दारूतून काढलं म्हणून आज हा मांडव दिसतोय. माणसं कौतुकाने माझ्याकडे बघू लागली. शालक बट्टीवर तूप वाढत होता. त्याने मलाही वाढलं. मी मान खाली घालून जेवलो.

निघताना मी त्याला म्हणालो, आता सगळं लिहून काढतो.

तो म्हणाला, "लिहा दाजी. पण आधी आक्काला वाचून दाखवा. ती त्या शेजारणीशी अजून बोलत नाही."

बायको अंगणात मिरच्यांची देठं काढते आहे. मी तिला हाक मारली. हात तिखट आहेत, धुऊन येते, म्हणाली. कागद माझ्या हातात आहेत.