मुर्रीच्या अंगणातले टेकोडे

गंगाबाईंचं माहेर बोदलकसा तलावाच्या काठचं. तिथल्या रानात पावसाळ्यात वाळवीच्या वारुळांवर टेकोडे, म्हणजे रानातली अळंबी, उगवत, नुसत्या पांढऱ्या छत्र्याच छत्र्या. म्हातारपणी त्या मुर्री गावी मुलाच्या घरी राहत; रात्री डोळे मिटले, की त्यांना तेच रान दिसे. म्हणून बाजारातले टेकोडे धुतलेलं गढूळ पाणी त्या दरवर्षी अंगणात ओतत, बी पेरल्यासारखं.

"काऊन ओतून राहिल्या, माय?" सून दुर्गेश्वरी विचारी.

"चूप बस. येतीन."

टेकोडे काही आले नाहीत. यंदा मात्र दुर्गेश्वरी ओरडतच आली, "माय, दाराच्या चौकटीले वाळवी लागली! औषध मारा लागते."

चौकटीवर चढलेल्या ओल्या मातीच्या रेघेवरून गंगाबाईंनी अलगद बोट फिरवलं.

"खबरदार, हात लावशीन त! माह्या माहेरची माणसं आली."